सेकंडहँड कॅमेरा घेऊन व्हिडिओ शूटिंग शिकताना: सोळा महिन्यांच्या वापरानंतर

कॅमेरा घेतला त्याला या महिन्यात सोळा महिने झाले. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, आधीच्या मालकाने तीन वर्षं वापरलेला, सोबत १६-५० मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी), दोन बॅटऱ्या आणि चार्जर. कोथरूडच्या एका मुलाकडून ४२ हजारांना घेतला. कंपनी आणि मॉडेल लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या किमतीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना लागू पडेल. त्याआधी अकरा वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघत होते. आता आठवड्याचे तीन दिवस घरून हिशेबाची कामं करते आणि उरलेला वेळ शूटिंग आणि एडिटिंगला देते. आतापर्यंत एकवीस ऑर्डरी झाल्या. त्यात मुंजी आहेत, दोन अरंगेत्रम (भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीचं पहिलं एकटीचं सादरीकरण), एका क्लासच्या जाहिराती, एका ढोल-ताशा पथकाचं काम, आणि काही लग्नं, पण तिथे मी दुसऱ्या कॅमेऱ्यावर होते.

पहिली स्वतंत्र ऑर्डर मुंजीची होती. चित्र छान आलं. मुहूर्ताची मंगलाष्टकं, अक्षता, बटूचा गोंधळलेला चेहरा, सगळं फोकसमध्ये. मातृभोजनाच्या वेळी मी तीन मीटरवर उभी होते. आई मुलाला घास भरवत होती आणि हळू आवाजात त्याच्याशी काहीतरी बोलत होती. तिचे डोळे भरून आले, मुलगा हसला, आणि मला वाटलं की आजच्या दिवसातला सगळ्यात चांगला शॉट मिळाला. घरी येऊन ऐकलं तर वर फिरणारा पंखा, कार्यालयाच्या स्पीकरवरचा गुरुजींचा आवाज आणि पंगतीतल्या भांड्यांचा खणखणाट एवढंच होतं. आईचा एक शब्दही नाही. कॉलरला लावायचा वायरलेस माइक माझ्या बॅगेत होता. मुलाखतींसाठी घेतलेला, म्हणून इथे लावायचं सुचलंच नाही. फिल्म दिल्यावर त्या ताईंचा फोन आला. तक्रार नव्हती. एवढंच विचारलं, "मी त्याला काय म्हणाले ते ऐकू येत नाही का हो? मलाही आता नीट आठवत नाही."

त्यानंतर मी हेडफोन घेतला, साधा, कान पूर्ण झाकणारा, २२०० रुपयांचा. या सोळा महिन्यांतल्या सगळ्या खरेदीत मी त्याला पहिला नंबर देते. कॅमेऱ्याला हेडफोनचं भोक असणं ही माझ्या दृष्टीने आता पहिली अट आहे. या किमतीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना ते नसतं, फक्त माइकचं असतं. विकत घेण्याआधी कॅमेऱ्याची बाजूची झाकणं उघडून बघा. चित्र बिघडलं तर स्क्रीनवर दिसतं. आवाज बिघडलेला घरी गेल्यावरच कळतो.

माइकचा आवाज आता असा लावते: बोलणारा माणूस नेहमीच्या सुरात बोलेल तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण शिवता येत नाही. ढोल पथकाच्या वेळी हे नीट कळलं. गणपतीच्या आधी मुठेच्या पात्रात पथकांचा सराव चालतो. तिथे पन्नास ढोलांसमोर उणे १२ चा हिशेब टिकत नाही, पहिल्याच टिपरूला मीटर लाल होतो. माझ्या वायरलेस माइकच्या रिसीव्हरमध्ये सेफ्टी ट्रॅकची सोय आहे. तोच आवाज दुसऱ्या ट्रॅकवर कमी पातळीला नोंदला जातो. त्या दिवशी तोच ट्रॅक वापरला. शिवाय मी वादकांसमोरून हलून बाजूला, वीसेक पावलं मागे गेले. अंतर वाढलं की ढोलाचा घुमारा आणि ताशाचा कडकडाट वेगवेगळे ऐकू येतात. जवळ दोन्हींचा एकच दणका होतो.

त्याच कामात कॅमेऱ्याची मोठी उणीव दिसली. हा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि वाचायला वेळ घेतो. त्यामुळे ताशाच्या काड्या रबरासारख्या वाकलेल्या दिसतात, आणि कॅमेरा झटकन फिरवला तर मागचा विजेचा खांब तिरका होतो. याला उपाय नाही, फक्त जपून वागणं आहे. मी आता पॅन हळू करते, आणि जिथे हात वेगाने चालतो तिथे काड्यांऐवजी वादकाच्या चेहऱ्यावर जाते. खरं तर चेहरेच जास्त बघण्यासारखे असतात.

दुसरी उणीव बॉडीत स्थिरता नसण्याची. मेनूतली इलेक्ट्रॉनिक स्थिरता चालू केली की चित्र कापलं जातं आणि १६ ची लेन्स २० च्या पुढची झाल्यासारखी वाटते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. कार्यालयातल्या छोट्या खोलीत तेवढी जागा मागे सरकायला नसते. मी गिंबल (कॅमेरा डगमगू न देणारा मोटरचा दांडा) भाड्याने आणून दोनदा वापरला आणि परत दिला. मुंजीत एका हाताने पिशव्या सरकवत, दुसऱ्या हाताने आजींना वाट देत चालावं लागतं, तिथे गिंबल अडचणच होतो. मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या स्टँडवर, माझं काम भागतं.

सेटिंगबद्दल एक गोष्ट मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. सेकंडहँड कॅमेरा आला तेव्हा तो एनटीएससीवर (अमेरिकेतल्या व्हिडिओ पद्धतीवर) लावलेला होता, सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटर. पहिल्या दोन कामांत ट्यूबलाइटखाली अंधुक पट्टे सरकताना दिसले आणि मी लेन्स खराब आहे असं समजून रात्रभर रडकुंडीला आले. मेनूत पॅल (आपल्याकडची पद्धत) केलं, २५ फ्रेम आणि १/५० शटर लावलं, पट्टे गेले. काही स्वस्त एलईडी पट्ट्या तरीही लुकलुकतात. तिथे शटर थोडं मागेपुढे करून स्क्रीनवर बघत जायचं, दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

१/५० वर राहायचं तर दुपारच्या उन्हात एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड अडवणारी काळसर काच, लागतोच. हिशेब सोपा आहे. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला १/५० शटरवर सुमारे एफ २२ येतो; एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान. मागची गर्दी धूसर करायला एफ २.८ हवा असेल तर सहा स्टॉप उजेड अडवावा लागतो (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे एनडी ६४. मी आधी स्वस्तातला व्हेरिएबल, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा एनडी घेतला. शेवटच्या टोकाला फिरवला की चित्रावर काळी फुली उमटते आणि कातडीचा रंग हिरवट होतो. नऊवारीचा जांभळा रंग त्यात पार बदलला होता. आता एकच पक्का एनडी ६४ ठेवते.

अरंगेत्रम हे वेगळंच शिक्षण. दोन सव्वादोन तास एकाच जागी उभं राहून एका मुलीचं नृत्य टिपायचं. रंगमंचावर मागचा पडदा काळा, मधे प्रखर उजेड. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो काळोख बघून उजेड वाढवतो आणि मुलीचा चेहरा पांढरा फटक पडतो. म्हणून एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) चेहऱ्यावर हाताने लावायचं आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) बांधून टाकायचा. लाल एलईडी पडला की लाल रंगाचे सगळे तपशील जातात. पहिल्या वेळी अलारिपू, म्हणजे सुरुवातीचं नृत्य, संपेपर्यंत मला ते कळलंच नाही. दुसऱ्या वेळी रंगीत तालमीलाच गेले आणि प्रकाशयोजना करणाऱ्या दादांना विनंती केली की लालमध्ये थोडा पांढरा मिसळा. त्यांनी लगेच केलं. आधी जाऊन बोललं की माणसं मदत करतात.

तिथेच पहिल्या वेळी बॅटरी संपली होती. ही छोटी बॅटरी ४के मध्ये तासभर टिकते. आता डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारा वायरचा ठोकळा) आणि पॉवरबँकवर चालवते. ४के ला सेकंदाला १०० मेगाबिटने तासाला ४५ जीबी होतात, म्हणजे असा एक कार्यक्रम साधारण १०० जीबी. कार्ड व्ही३० चं (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं) घ्या, आणि ऑनलाइन घेतलेलं प्रत्येक नवीन कार्ड पूर्ण भरून तपासा. माझ्याकडे आलेल्या एका १२८ च्या कार्डात प्रत्यक्षात ३२ च मावत होते. घरच्या मांजराचा व्हिडिओ काढून तपासलं म्हणून वाचले, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाची वरात गेली असती.

एडिटिंग दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत करते. ३८४०×२१६० पर्यंतची फाइल त्यातून वॉटरमार्कशिवाय बाहेर पडते आणि माझ्या कामाला ते पुरून उरतं. नॉइज रिडक्शन, म्हणजे अंधारातल्या चित्रातले दाणे कमी करायची सोय, पैसे भरलेल्या आवृत्तीतच आहे, त्याची उणीव अंधाऱ्या कार्यालयांच्या शूटिंगला जाणवते. जुन्या लॅपटॉपवर मूळ फाइल अडखळते. प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाइलच्या हलक्या प्रती, रात्री बनवायला लावायच्या आणि सकाळी बसायचं.

शिकले कुठे, हे बरेच जण विचारतात. व्हिडिओ बघून सेटिंग कळली. उभं कुठे राहायचं हे आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी शिकवलं, जे व्हीएचएसच्या काळापासून लग्नं शूट करत आले. त्यांच्याबरोबर आठ लग्नांत मी फक्त बॅग उचलली. त्यांचं म्हणणं, "ताई, अंतरपाट दूर होताना नवरा-नवरीकडे सगळेच कॅमेरे असतात. तू मुलीच्या वडिलांकडे बघ." दुसरी शाळा म्हणजे लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जे १९६४ पासून जुन्या फिल्म जपतंय. तिथे खेळ असेल तेव्हा जाते आणि एखादा प्रसंग आवाज कुठून येतोय एवढंच लक्ष ठेवून बघते.

आता पैशांचं. इथे माझी अकराची अकरा वर्षं कामाला यायला हवी होती, पण स्वतःच्या कामाची किंमत लावताना हात आखडला. पहिल्या मुंजीचे ६००० घेतले. शूटिंगचे नऊ तास, एडिटिंगचे एकतीस, म्हणजे तासाला १५० रुपये, त्यातून रिक्षा, कार्ड आणि हार्डडिस्क. मग वहीत नीट मांडलं. सगळं सामान मिळून १ लाख ५ हजारांचं. तीन वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ३५ हजार, आणि वर्षाला पंधरा ऑर्डरी धरल्या तर प्रत्येक ऑर्डरीवर सुमारे २३०० फक्त सामानाचेच. हा आकडा समोर आल्यावर कोटेशन देताना आवाज थरथरणं थांबलं. आता निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स, ४० टक्के शूटिंगच्या दिवशी, उरलेले अंतिम फाइल देण्याआधी. दुरुस्त्या दोन वेळा, हे व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच लिहून. नातेवाइकांनाही हेच. मामेबहिणीला राग आला होता, पण दोन महिन्यांनी तिनेच तिच्या नणंदेकडे माझं नाव सुचवलं.

एका क्लासने चार महिने बिल थकवलं. माझी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीच झालेली होती. ती मोफत आहे, प्रत्येकाने करून ठेवावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. हे कलमासकट लिहून सौम्य भाषेत पत्र पाठवलं. नवव्या दिवशी पैसे जमा झाले.

ड्रोनची मागणी दर दुसऱ्या घरातून येते आणि मी नाही म्हणते. लोहगावचा हवाई तळ आणि आसपासच्या संरक्षण खात्याच्या जागा यांमुळे पुण्याच्या आकाशाचा मोठा भाग परवानगीशिवाय बंद आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण म्हणून अशा बंद, म्हणजे लाल क्षेत्रात उडवायला मोकळीक मिळते असं नाही. सिनेमातली गाणी लावण्यालाही नाही म्हणते. यूट्यूबवर टाकलं की हक्काचा दावा येतो आणि नंतर फोन मलाच येतात. त्याऐवजी कार्यालयातल्या सनई-चौघड्याचा आवाज, वादकांना विचारून, पाच-दहा मिनिटं वेगळा नोंदवून ठेवते. घरच्यांना तोच जास्त आवडतो.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, हे पुण्यात राहणाऱ्याने गांभीर्याने घ्यावं. सगळं सामान धान्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रता मापकासोबत ठेवते. काटा ४५ टक्क्यांच्या आसपास राहिला की बास. स्क्रीनची बिजागरी सैल झाली आहे, बॉडीचं रबर एका कोपऱ्यात सुटलंय, बाकी कॅमेरा ठणठणीत आहे. अजून वर्षभर बदलणार नाही.

पुढची ऑर्डर वैशाखात, सिंहगड रोडला, पुन्हा मुंजीची. परवा त्यांच्या घरी जाऊन आले. बटूच्या आईला दाखवलं की मातृभोजनाच्या आधी पदराच्या आत, खांद्याजवळ हा छोटा माइक लावणार आहे, आणि तेवढा वेळ डोक्यावरचा पंखा बंद ठेवू या. त्या म्हणाल्या, "चालेल, पण ते सगळ्यांना ऐकू जाणार का?" मी म्हटलं, फाइल आधी तुम्हालाच देईन, ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा.