अंगणातला जुना आंबा: आळं की ठिबक?

आधी एक गोष्ट. जुन्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात. ती फांद्यांच्या घेराखाली आणि त्याबाहेर असतात. बुंध्याशी पाणी साचलं की साल कुजते, डिंक गळतो.

आळं करायचं तर दुहेरी: बुंध्यापासून 1 मीटरवर आतला बांध, घेराच्या कडेला बाहेरचा. पाणी फक्त मधल्या पट्ट्यात. खर्च जवळपास शून्य, पण उतारावर पाणी एकाच बाजूला धावतं आणि बांध घालताना कुदळ खोल गेली तर मुळंच तुटतात. म्हणून बांधासाठी माती बाहेरून आणून टाका.

ठिबकसाठी 16 मिमी इनलाइन नळी (थेंबथेंब पाणी सोडणारे ड्रिपर आतच बसवलेली), दर 60 सेंमीवर तासाला 4 लिटर सोडणारा ड्रिपर. बुंध्यापासून 3 मीटरवरच्या वेढ्याला साधारण 19 मीटर नळी, 31 ड्रिपर, म्हणजे तासाला सुमारे 125 लिटर. चर खणू नका. नळी जमिनीवरच ठेवून पालापाचोळ्याने झाका. बोअरच्या क्षारांनी ड्रिपर बुजतात, म्हणून फिल्टर हवाच आणि टोकाची कॅप महिन्यातून एकदा उघडून नळी धुवा. खारुताया नळी कुरतडतात, तेही बघत राहा.

एकच झाड आणि सपाट अंगण असेल तर आम्ही आळंच सांगू. उतार किंवा चार-पाच झाडं असली तर ठिबक. मोहोरापूर्वी दोन-तीन महिने मात्र दोन्ही बंद. फळ वाटाण्याएवढं झाल्यावर पुन्हा पाणी.