प्रकल्पासाठी कोणता पंप: पी-ग्लायकोप्रोटीन की अ‍ॅक्र-बी?

सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बहुऔषध प्रतिकार (पेशींनी किंवा जीवाणूंनी एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणे) हा विषय घेणाऱ्यांची निवड बहुधा औषधे पेशीबाहेर टाकणाऱ्या दोन वाहक प्रथिनांपाशी, म्हणजे पंपांपाशी, येऊन अडते: माणसाच्या पेशींतील पी-ग्लायकोप्रोटीन आणि ई. कोलाय या जीवाणूतील अ‍ॅक्र-बी. हा निर्णय मलाही घ्यावा लागला होता.

पी-ग्लायकोप्रोटीनची ओढ स्वाभाविक आहे, कारण कर्करोगाच्या औषधांशी त्याचा थेट संबंध आहे. 1280 अमिनो आम्लांच्या एकाच साखळीत पेशीपटलाला आरपार छेदणारी 12 हेलिक्स (मळसूत्री भाग) आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, धरणारे दोन भाग असतात. हे दोन भाग एटीपीला मध्ये धरून जुळले की आतल्या बाजूला उघडी असलेली पोकळी बाहेरच्या बाजूला उघडते.

माझे मन उडाले ते मात्र एकाच कारणाने. हे प्रथिन औषध नसतानाही एटीपी खर्च करत राहते, आणि रोधक (पंप अडवणारे द्रव्य) म्हणून वापरले जाणारे व्हेरापामिल हे औषध तो खर्च उलट वाढवते. त्यामुळे एटीपीच्या खर्चाचा आलेख चढलेला दिसे, पण औषध खरोखर बाहेर पडले का, हे त्यावरून सांगता येत नसे. पेशीसंवर्धनाची उत्तम सोय असलेल्या प्रयोगशाळेत पेशींतील औषधाचे प्रमाणच मोजून यावर मार्ग काढता येतो, हे मान्य केले पाहिजे.

अ‍ॅक्र-बीची रचना मला अधिक बोलकी वाटते. हा पंप एकाच साखळीच्या तीन प्रती मिळून बनतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेत त्या तिन्ही प्रती सारख्याच दिसल्या होत्या. 2006 मध्ये मात्र एक प्रत औषध आत घेते, दुसरी घट्ट धरते आणि तिसरी सोडते, आणि या अवस्था क्रमाने फिरत राहतात, हे स्पष्ट झाले. ऊर्जा पटलातून आत येणाऱ्या प्रोटॉनकडून (हायड्रोजनच्या आयनांकडून) येते, पण प्रोटॉनची जागा पटलात खोलवर आणि औषधाची पोकळी तिच्यापासून बरीच दूर, पटलाबाहेरच्या भागात आहे. इतक्या अंतरावरून एक हालचाल दुसरीला कशी चालवते, हा प्रश्न मला आजही मोहवतो. पुढे अ‍ॅक्र-ए आणि टॉल-सी या जोडीदार प्रथिनांच्या साहाय्याने औषध जीवाणूच्या बाह्यपटलाच्याही पलीकडे जाते.

पीएबीएन हा याचा रोधकही स्वतः पंपातून बाहेर टाकला जातो आणि शिवाय बाह्यपटलाला धक्का लावतो, म्हणजे रोधकावर पूर्ण विसंबता न येण्याचा दोष इथेही आहेच. तरीही जीवाणूत जनुकच काढून टाकता येते, किंवा 408 क्रमांकाचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल बदलून पंप जागेवर ठेवून निकामी करता येतो. अशा साध्या तुलनेमुळे माझा कल, निदान साधने मर्यादित असतील तेव्हा, अ‍ॅक्र-बीकडे आहे.

इथिडियम ब्रोमाइड या चमकणाऱ्या रंगद्रव्याची चाचणी करणार असाल, तर जनुक काढलेला जीवाणू पहिल्या दिवसापासून सोबत मोजावा. केवळ सीसीसीपी (पटलावरचा प्रोटॉनचा उतार मोडणारे रसायन) टाकून भागत नाही, कारण ते प्रोटॉनवर चालणारे सगळेच पंप थांबवते, आणि इथिडियम बाहेर टाकणारा अ‍ॅक्र-बी हा एकटा नाही.