लिब्रेऑफिस: काही महिन्यांच्या वापरानंतर

संपादनाचे सगळे काम लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरवर आणून आता बरेच महिने झाले. तळटीपांनी भरलेली मोठी हस्तलिखिते त्यातल्या रायटर या लेखनाच्या प्रोग्राममध्ये व्यवस्थित उघडतात आणि अनुक्रमणिका आपोआप तयार होते. देवनागरीचा फॉन्ट व त्याचा आकार येथे रोमन अक्षरांपासून वेगळा ठरवावा लागतो; परिच्छेदाच्या मूळ शैलीतच दोन्ही एकदा नेमून ठेवले नाहीत, तर मजकुरात इंग्रजी शब्द आला की ओळ विजोड दिसते. वर्डच्या फायलींतील तक्ते मात्र अधूनमधून सरकतात, म्हणून छपाईसाठी पीडीएफच पाठवावी.

इतक्या कामाच्या वस्तूचा खर्च कोण उचलते, हे वापरणाऱ्याने जाणून घ्यायला हवे. ओरॅकलने 2010 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली आणि सनचे ओपनऑफिस हे मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअर ओरॅकलच्या हाती गेले. नव्या मालकाच्या धोरणाचा भरवसा न वाटल्यामुळे त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ जाहीर करून लिब्रेऑफिसची वेगळी वाट धरली. पुढे ही संस्था जर्मन कायद्याखाली न्यास म्हणून नोंदवली गेली, त्यामुळे प्रकल्पाचे नाव कोणा एका कंपनीला विकत घेता येत नाही. कोडचा मोठा वाटा मात्र कोलॅबोरासारख्या कंपन्यांचे पगारी प्रोग्रामर लिहितात, आणि त्यांचे पगार मोठ्या ग्राहकांना विकलेल्या सेवेतून निघतात.

सर्वांचा प्रकल्प आणि कंपन्यांची कमाई यांतला हा ताण 2020 मध्ये उघड झाला. आवृत्ती 7.0 च्या चाचणी प्रतीवर ‘पर्सनल एडिशन’ अशी पट्टी झळकली. परवाना शाळेला, कार्यालयाला, दुकानाला, कोणालाही मुक्त वापर देत असताना हे सॉफ्टवेअर केवळ घरगुती वापरासाठी आहे असा समज त्या दोन शब्दांनी झाला असता. विरोध झाला, पट्टी काढली गेली आणि 2021 च्या 7.1 मध्ये ‘कम्युनिटी’ हा शब्द आला. मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो. कंपन्यांनी सेवा विकून जरूर कमवावे, पण सर्वांच्या नावाला दुय्यम ठरवून नव्हे. न्यासानेही 2022 पासून ॲपलच्या ॲप स्टोअरमध्ये या सॉफ्टवेअरची किंमत लावली आहे. संकेतस्थळावर ते विनामूल्यच मिळते, त्यामुळे त्यात मला काहीच गैर दिसत नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. पगारी प्रोग्रामर साहजिकच पैसे देणाऱ्या ग्राहकाची अडचण आधी सोडवतात, आणि मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी किंवा जोडाक्षरांच्या दोषांसाठी पैसे मोजणारा ग्राहक सहसा नसतो. ज्या मराठी संस्था, प्रकाशने आणि ग्रंथालये परवाना शुल्क वाचवण्यासाठी हे सॉफ्टवेअर घेतात, त्यांनी वाचलेल्या रकमेतला काही भाग दरवर्षी न्यासाला देणगी म्हणून द्यावा, किंवा आपल्याला खुपणारा एखादा दोष पैसे देऊन दुरुस्त करून घ्यावा. तशी दुरुस्ती मूळ प्रकल्पात गेली की ती सगळ्यांनाच मिळते.