केव्हीएमचा आयओसीटीएल इंटरफेस: आठ महिन्यांच्या थेट वापरानंतर

केव्हीएम ही लिनक्स कर्नलमधली आभासी मशीन (व्हीएम) चालवण्याची सोय, आणि आयओसीटीएल हे तिला प्रोग्रॅममधून हुकूम देण्याचे कॉल. क्यूएमू या तयार प्रोग्रॅमला मध्ये न घेता, थेट सी भाषेतून /डेव्ह/केव्हीएम उघडून गेस्ट (व्हीएममधली प्रणाली) चालवायचा, या एकाच कामासाठी हा इंटरफेस इंटेलच्या ६४-बिट मशीनवर आठ महिने वापरला. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. सांगाडा उत्तम आहे, पण कोणता कॉल कोणाच्या आधी करायचा हे त्या सांगाड्यावरून कळत नाही. निम्मा वेळ तिथेच जातो.

केव्हीएम २००७ मध्ये लिनक्स २.६.२० सोबत मुख्य कर्नलमध्ये आलं. एपीआयची आवृत्ती विचारली की १२ हा आकडा परत येतो. दुसरं काही आलं तर प्रोग्रॅमने पुढे जाऊच नये. हा आकडा आता गोठलेला आहे आणि नव्या सोयी आहेत का हे चेक_एक्स्टेन्शन या कॉलने एकेक विचारायचं असतं. जुनी बायनरी नव्या कर्नलवर चालते ती यामुळेच. ही विचारणा व्हीएमच्या डिस्क्रिप्टरवरही (कर्नलने प्रोसेसला दिलेल्या क्रमांकावरही) करावी, कारण काही उत्तरं व्हीएमनुसार बदलतात.

सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तीन पायऱ्यांचे फाइल डिस्क्रिप्टर: सिस्टिम, व्हीएम आणि व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी प्रोसेसर). प्रोसेस मेली की कर्नल सगळं आवरतो, वेगळी साफसफाई लिहावी लागत नाही. पण जिवंत प्रोसेसमध्ये व्हीएम नष्ट करायचं असेल तर नुसता व्हीएमचा डिस्क्रिप्टर बंद करून भागत नाही. प्रत्येक व्हीसीपीयूचा डिस्क्रिप्टर व्हीएमला धरून ठेवतो आणि केव्हीएम_रन या सामायिक रचनेचं एममॅप (आपल्या मेमरीत केलेली जोडणी) व्हीसीपीयूला. ही जोडणी सोडवणारं मुनमॅप विसरलं की गेस्टची मेमरी अडकून बसते. फोर्क करून बनवलेल्या चाइल्ड प्रोसेसकडे डिस्क्रिप्टर जातो, पण व्हीएमचे कॉल तिथून केले तर ईआयओ ही चूक मिळते. व्हीएम ज्या प्रोसेसने बनवलं, कॉलही तिनेच करायचे.

क्रमाचा जाच असा. इंटरप्टची चिप कर्नलमध्ये हवी असेल तर ती पहिल्या व्हीसीपीयूच्या आधी बनवावी, नंतर नुसता ईइन्व्हॅल (अवैध मागणी) हा चूक-कोड येतो. सीपीयूआयडी (गेस्टला दिसणारी प्रोसेसरच्या क्षमतांची यादी) एमएसआरच्या (प्रोसेसरच्या खास नियंत्रण रजिस्टरांच्या) आधी भरावा, कारण कोणते एमएसआर चालतील हे त्यावर ठरतं. एकदा व्हीसीपीयू चालू झाला की नवे कर्नल सीपीयूआयडी बदलू देत नाहीत. इंटेलवर टीएसएस या प्रोसेसरच्या रचनेसाठी गेस्टच्या पहिल्या ४ जीबीच्या आत तीन पानांची जागा राखून ठेवावी लागते. ती कोणत्याही मेमरी स्लॉटवर (गेस्टला दिलेल्या मेमरीच्या तुकड्यावर) पडता कामा नये.

मेमरी स्लॉटचा आकार बदलता येत नाही. काढायचा आणि नव्याने लावायचा. मधल्या क्षणात दुसऱ्या व्हीसीपीयूने तो पत्ता वाचला तर ती मेमरी नसून एमएमआयओ (मेमरीच्या पत्त्यावर बसवलेलं उपकरण) समजली जाते, म्हणून आधी सगळे व्हीसीपीयू थांबवावेत. गेस्टचा पत्ता आणि आपला पत्ता यांचे खालचे २१ बिट सारखे ठेवले तरच २ एमबीची पानं लागतात. एममॅप ही जुळणी आपणहून करून देईलच याची खात्री नसते. २ एमबी जास्त मागून पत्ता वर सरकवणं हा साधा उपाय.

खरी कसोटी रनच्या लूपमध्ये आहे, म्हणजे केव्हीएम_रन कॉल पुन्हा पुन्हा करून गेस्ट चालवण्यात. आयओ एक्झिटमध्ये (गेस्टने पोर्ट वापरल्यामुळे नियंत्रण आपल्याकडे परत येतं तेव्हा) पोर्ट, आकार आणि दिशा सगळे वाचतात, पण काउंट विसरतात. रेप आउटएसबीसारख्या पुनरावृत्तीच्या सूचनेत काउंट एकापेक्षा जास्त असू शकतो आणि मग सिरियल पोर्टवर अर्धीच अक्षरं उमटतात. दुसरी चूक जास्त महाग पडते. आयओ किंवा एमएमआयओचं उत्तर भरलं म्हणजे सूचना पूर्ण झाली असं नाही, ती पुढच्या केव्हीएम_रन कॉलमध्ये पूर्ण होते. त्याआधी रजिस्टर वाचून स्नॅपशॉट घेतला तर तो अर्धवट असतो. केव्हीएम_रन रचनेतलं इमिजिएट_एक्झिट हे फील्ड १ करून एकदा रन करावं. अडकलेलं काम संपतं, गेस्टची पुढची एकही सूचना चालत नाही आणि ईआयएनटीआर (कॉल मध्येच थांबवला) हा कोड घेऊन कॉल परततो.

व्हीसीपीयू थांबवायलाही हेच फील्ड लागतं. थांबायचं का हा आपला फ्लॅग तपासला आणि रन करण्याच्या आत सिग्नल आला, तर तो वाया जातो आणि थ्रेड गेस्टमध्ये जाऊन बसतो. सिग्नल हँडलरमध्येच इमिजिएट_एक्झिट लावलं की ही शर्यत संपते. हा भाग पहिल्या आवृत्तीपासून असायला हवा होता, असं प्रामाणिकपणे वाटतं.

व्हर्टआयओ या आभासी उपकरणांना गेस्टकडून जाणाऱ्या इशाऱ्यांसाठी आयओइव्हेंटएफडी हा डिस्क्रिप्टर वापरावा. एक्झिट कर्नलमध्येच मिटते आणि व्हीसीपीयू लगेच गेस्टमध्ये परततो. उलट दिशेला, म्हणजे गेस्टला इंटरप्ट द्यायला, इरकएफडी आहे. लेव्हल-ट्रिगर (कारण मिटेपर्यंत चालू राहणाऱ्या) इंटरप्टसाठी मात्र त्याला रीसॅम्पलएफडी हा आणखी एक डिस्क्रिप्टर जोडावाच लागतो.

डर्टी लॉग (गेस्टने कोणती पानं बदलली याची नोंद) प्रत्येक पानाला एक बिट ठेवतो, म्हणजे ४ जीबी गेस्टला १२८ केबी. मूळ रीतीत वाचलं की तो पुसला जातो आणि पानं पुन्हा राइट-प्रोटेक्ट होतात. मोठ्या गेस्टला याचा झटका बसतो. वाचणं आणि पुसणं वेगळं करणारी मॅन्युअल रीत चालू करून तुकड्यातुकड्याने पुसावं.

तक्रार उरते ती चुकांच्या संदेशांची. सेगमेंटच्या माहितीतली विसंगती भरताना बरेचदा पकडली जात नाही, रन केल्यावर फेल_एंट्री (गेस्टमध्ये शिरता आलं नाही) ही एक्झिट येते आणि सोबत फक्त हार्डवेअरचा कोड. अशा वेळी केव्हीएम_इंटेल मॉड्यूलचा डम्प_इन्व्हॅलिड_व्हीएमसीएस हा पॅरामीटर १ करावा. व्हीएमसीएस (गेस्टची स्थिती ठेवणारी इंटेलची रचना) डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, उतरतं आणि चुकलेलं फील्ड तिथे शोधता येतं.