वेळापत्रक, यादी की पंचवीस मिनिटांचा गजर: कॉलेजात कोणाला काय चालेल?

माझं बी.एस्सी. डोंबिवलीहून रोज लोकलने ये-जा करत झालं आणि एम.एस्सी. पुण्यात हॉस्टेलवर राहून. दोन्हीकडे मी तीच होते. आळस तेवढाच, जिद्दही तेवढीच. तरी ज्या पद्धतीने तीन वर्षं माझी जर्नलं, म्हणजे प्रयोगांच्या वह्या, वेळेवर तपासून सर्टिफाय झाली, ती पुण्यात पहिल्याच महिन्यात निकामी ठरली. म्हणून आज कोणी विचारलं, की वेळेचं नियोजन कसं करू, तर मी आधी उलट विचारते: तुझा दिवस कोणाच्या हातात आहे? तुझ्या, की लोकलच्या, घरच्यांच्या, पार्ट टाइम नोकरीच्या? त्या उत्तरावर पद्धत ठरते. शिस्तीचा प्रश्न त्यानंतरचा.

थोडा हिशोब मांडते. सध्याच्या क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटमागे 30 तासांचं शिकणं धरलेलं असतं. थिअरीच्या क्रेडिटला त्यातले 15 तास वर्गात, उरलेले तुमचे तुम्ही. सत्राला 22 क्रेडिट म्हणजे 660 तास, आणि शिकवण्याचे 15 आठवडे धरले तर आठवड्याला 44. आठवड्याचे एकूण तास 168. झोपेचे 56 आणि अभ्यासाचे 44 गेले की उरतात 68. हॉस्टेलवरच्या मुलीच्या हातात हे जवळजवळ सगळे राहतात. घर ते कॉलेज आणि परत यात रोज चार तास घालवणाऱ्या मुलीचे सहा दिवसांत 24 जातात, मग उरतात 44. अंघोळ, जेवणखाण आणि घरकामाचे रोजचे तीन तास काढले की 23. तेवीस तास काही कमी नाहीत. अडचण एवढीच, की ते सलग मिळत नाहीत. वीस मिनिटं इथे, पाऊण तास तिथे.

तासांचं वेळापत्रक

पुण्यात माझ्या रूममेटने पहिल्या रविवारी पट्टी घेऊन ड्रॉइंग पेपरवर रकाने आखले. सकाळी 5:30 ते 7:30 क्वांटम, 8 ते 9 मेस, 4 ते 6 लायब्ररी, असे रात्री अकरापर्यंत, प्रत्येक विषयाला वेगळा स्केचपेन. मंगळवारी सकाळी पाणी उशिरा आलं, अंघोळीची रांग लागली आणि क्वांटमचा रकाना हुकला. तो संध्याकाळी ढकलला, तर लायब्ररी हुकली. गुरुवारी तिने तो कागद भिंतीवरून काढला आणि मला म्हणाली, "माझ्याच्याने हे होणार नाही."

तिचं काही चुकलं नव्हतं. तिने सगळे रकाने भरले होते, एवढंच. आपल्याला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस फार कमी धरतो. कॅनडातल्या एका अभ्यासात, 1994 साली प्रसिद्ध झालेल्या, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असं विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज 33.9 दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात लागले 55.5. सगळंच बिघडलं तर किती लागतील, असंही विचारलं होतं. त्याचं उत्तर होतं 48.6. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा तोकडा पडला.

तेव्हा वेळापत्रक करायचं तर दिवसात दोनच रकाने ठाम धरा, आणि ते कठीण विषयांना द्या. बाकी दिवस मोकळा ठेवा. शनिवारची दुपार हुकलेल्या कामांसाठी राखून ठेवा, तिथे नवीन काही घालू नका. आम्ही दोघींनी नंतर असंच केलं आणि ते सत्राच्या शेवटपर्यंत टिकलं. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की आता काय करू हा प्रश्नच पडत नाही. हॉस्टेलवर अर्धी संध्याकाळ त्या प्रश्नात आणि कट्ट्यावर जाते, म्हणून तिथे हीच पद्धत मला सगळ्यांत सरस वाटते. ज्याचा दिवस लोकलच्या वेळेवर चालतो त्याने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये. एक गाडी रद्द झाली की सगळा कागद खोटा पडतो, आणि रोज खोटा पडणारा कागद मनाला फार लागतो.

कामांची यादी

बी.एस्सी.ची तीन वर्षं मला यादीने तारलं. साधी यादी मात्र उपयोगाची नाही. "फिजिक्स जर्नल" असं लिहिलं तर ते घोंगडं सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत भिजत पडणार. माझ्या रफ वहीच्या शेवटच्या पानावर असं लिहिलेलं असायचं: "प्रयोग 7, निरीक्षणं उतरवणं, 20 मि." त्याच्या खाली "प्रयोग 7, आलेख, 25 मि." आणि मग "प्रयोग 4, व्हायवाचे प्रश्न, 15 मि."

त्या पानाचे मी तीन भाग पाडले होते: उभ्याने होणारं, बसून होणारं, कॉलेजातच होणारं. आलेख लोकलमध्ये काढता येत नाही, पण व्हायवाचे, म्हणजे तोंडी परीक्षेचे, प्रश्न दाराजवळ उभं राहूनही म्हणता येतात. ठाण्याच्या पुढे तिघींच्या बाकावरची चौथी सीट मिळाली, एका मांडीवर बॅग आणि बॅगेवर वही, की निरीक्षणं उतरवायला घ्यायची. शेजारच्या काकू भाजी निवडत असायच्या, मी आकडे उतरवत असायचे. दादर यायच्या आत एक ओळ खोडली जायची. ती खोडलेली ओळ दिवसभर बळ द्यायची, हे मी अजून विसरलेले नाही.

तुकड्यातुकड्यांनी केलेल्या पाठांतराला कमी लेखू नका. एका बैठकीत घोकण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसांच्या अंतराने केलेलं पाठांतर जास्त टिकतं, हे हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. जाता-येताच्या उजळणीत नेमकं हेच होतं.

यादीचा दोषही सांगते. सोपी कामं आधी खोडली जातात आणि अवघड काम पानाच्या तळाशी जाऊन बसतं. माझं गणित असंच राहिलं, दुसऱ्या वर्षी एका पेपरला केटी लागली, म्हणजे त्यात नापास झाले, आणि निकालाच्या दिवशी घरी काय सांगू म्हणून पोटात गोळा आला होता. तेव्हापासून रोज पानावर पहिली ओळ अवघड विषयाची लिहायची असा नियम केला, मग ते काम वीसच मिनिटांचं का असेना.

पंचवीस मिनिटांचा गजर

या पद्धतीचं नाव पोमोदोरो, म्हणजे इटालियन भाषेत टोमॅटो. फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने 1980च्या दशकाच्या शेवटी, अभ्यासात लक्ष लागेना म्हणून, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर समोर ठेवलं, त्यावरून हे नाव पडलं. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुटी. असे चार फेरे झाले की 15 ते 30 मिनिटांची मोठी सुटी.

माझ्या मते ही नियोजनाची पद्धत नाहीच. काय करायचं ते ती सांगत नाही, नुसतं बसवते. पण ज्याला बसणंच जमत नाही त्याच्यासाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही. चार तास अभ्यास करायचा म्हटलं की अंगावर काटा येतो, पंचवीस मिनिटं म्हटलं की हात पुस्तकाकडे जातो. पाठांतर, जर्नल उतरवणं, भाषेचे पेपर यांना ती फार चांगली. लांबलचक सिद्धता किंवा प्रोग्रॅममधली चूक शोधणं यांना ती जाचक होते, कारण डोक्यात सगळं जुळून येतं तेव्हाच गजर वाजतो. तिथे 50 मिनिटं लावा. आणि गजर मोबाइलवर लावू नका. सुटीच्या पाच मिनिटांसाठी हातात घेतलेला फोन अर्धा तास खाली ठेवला जात नाही. साधं गजराचं घड्याळ किंवा ओट्यावरचं टायमर पुरतं.

काम तातडीचं आहे की नाही आणि महत्त्वाचं आहे की नाही, यावरून कामांची चार चौकटींत विभागणी करायचीही एक पद्धत आहे. सत्राच्या सुरुवातीला एकदा करून बघायला ठीक. रोज करायला गेलात तर चौकटी भरण्यातच संध्याकाळ जाईल.

मग कोणी काय घ्यावं?

हॉस्टेलवर किंवा कॉलेजच्या जवळ राहत असाल, तर दोन ठाम रकान्यांचं वेळापत्रक. ये-जा तीन तासांच्या वर असेल किंवा कमवा व शिका योजनेत, दुकानात, शिकवणीत काम करत असाल, तर मिनिटं लिहिलेली यादी. घरी आहात, वेळही आहे, पण संध्याकाळ कशी जाते तेच कळत नाही, तर गजर, आणि त्याच्या जोडीला तीन ओळींची यादी. एका वेळी एकच मुख्य पद्धत धरा आणि तिला तीन आठवडे द्या.

पुण्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमी किंवा ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला, की तेवढ्या आठवड्यांपुरतं हॉस्टेलवाल्यांनीही यादीवर यावं. तालीम लांबली की रात्रीचा रकाना गेलाच म्हणून समजा. पण वहीतलं पान खिशात असलं तर तालमीच्या हॉलबाहेर, आपला प्रवेश यायच्या आधी, पंधरा मिनिटांचं एक काम उरकता येतं. आमच्या एकांकिकेच्या वेळी लाइट सांभाळणाऱ्या मुलाने अख्खी केमिस्ट्रीची फाईल हॉलच्या पायऱ्यांवर बसून पुरी केली होती, आणि ती आमच्या सगळ्यांच्या आधी सर्टिफाय झाली.