पीडब्ल्यूक्वालिटी: फुकट आणि कामाचं, पण डिफॉल्टवर सोडू नका

ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर पासवर्डची शिस्त लावायला पीडब्ल्यूक्वालिटी (pwquality, नवीन पासवर्ड पुरेसा मजबूत आहे का ते तपासणारं) मॉड्यूल वापरतोय, एकुणात समाधानी आहे. एकच कॉन्फिग फाइल, त्यात मिनलेन (पासवर्डची किमान लांबी) 14 टाकलं की निम्मं काम झालं, डिफॉल्ट 8 आहे जे आजच्या काळात काहीच नाही.

डोकं खातं ते क्रेडिटचं गणित. डीक्रेडिट (आकड्यांसाठीची सेटिंग) उणे 1 म्हणजे किमान एक आकडा हवाच, आणि अधिक 1 लिहिलंत तर उलट आकडा वापरल्याबद्दल लांबीत एका अक्षराची सूट मिळते!! कोणी असं ठरवलं देव जाणे.

रूटला (सर्व्हरच्या मुख्य अ‍ॅडमिन खात्याला) डिफॉल्टमध्ये नुसती वॉर्निंग येते, पासवर्ड कितीही फालतू असला तरी बदलतो, त्यामुळे एनफोर्स फॉर रूट ही सेटिंग चालू कराच. डिक्शनरी चेक आहे पण आपल्याकडचे गणपती, साईराम त्यात सापडतीलच असं नाही, मग कंपनीच्या नावासकट ते बॅडवर्ड्समध्ये (बंदी घातलेल्या शब्दांच्या यादीत) टाकायचे. आणि हो, आधीपासून ठेवलेले पासवर्ड हे मॉड्यूल तपासतच नाही, नियम नवीन पासवर्ड ठेवतानाच लागतो, म्हणून सगळ्यांना चेज (chage, पासवर्डची मुदत ठरवणाऱ्या) कमांडने एकदा बदलायला लावा, शिव्या पडतील थोड्या.

5 पैकी 4.