‘गेस्ट’ लिहावे की ‘व्हिजिटर’?

इंग्रजीत फलक, पत्रिका किंवा अर्ज लिहिताना आलेल्या माणसाला ‘गेस्ट’ म्हणावे की ‘व्हिजिटर’, असा पेच पडण्याचे कारण म्हणजे शब्दकोशात दोन्हींसमोर ‘पाहुणा’ हा अर्थ सापडतो. ‘गेस्ट’ म्हटले की त्याची सरबराई करणारा ‘होस्ट’ गृहीत असतो. ‘गेस्ट’ आणि ‘होस्ट’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळातून आले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘व्हिजिटर’मध्ये केवळ येणे आणि भेटणे किंवा पाहणे आहे, चहापाण्याची जबाबदारी कोणावरच नाही.

हा फरक हॉटेलच्या काउंटरवर लख्ख दिसतो. खोली घेऊन राहणारा तो ‘गेस्ट’, मग तो रोजचे भाडे मोजत का असेना. त्याला भेटायला आलेला सख्खा भाऊ मात्र ‘व्हिजिटर’, आणि त्याला खोलीत सोडायचे की लॉबीतच बसवायचे, हे हॉटेलचे नियम ठरवतात. तेव्हा पैसे देणे-न देणे ही कसोटी नव्हे. तसे असते तर पुण्यात शिकायला आलेली मुले ‘पेइंग गेस्ट’ म्हणून राहिलीच नसती.

रुग्णालय, वस्तुसंग्रहालय, कार्यालय आणि सोसायटीचे फाटक येथे ‘व्हिजिटर’च लिहावे. लग्नपत्रिकेत आणि जेवणाच्या यादीत ‘गेस्ट’ शोभतो. समारंभासाठी आपल्याकडे रूढ असलेला ‘चीफ गेस्ट’ हा प्रयोग भारतीय इंग्रजीत निर्धास्तपणे करावा, परंतु ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचकासाठी ‘गेस्ट ऑफ ऑनर’ अधिक सरावाचा आहे. अडचण एवढीच की आपल्याकडच्या पत्रिकांत ही दोन वेगवेगळी मानाची स्थाने असतात, आणि त्यांची अदलाबदल झाल्यास रुसवेफुगवे होतात.

काही ठिकाणी एकाच माणसाला दोन्ही शब्द लागू पडतात. अमेरिकेत मुलाकडे जाणारे आईवडील मुलाचे ‘गेस्ट’ असले, तरी त्या देशाच्या लेखी ते ‘व्हिजिटर’ असतात आणि त्यांचा बी-२ व्हिसाही त्याच वर्गातला असतो. क्रिकेटच्या वार्तांकनात आपण ज्याला ‘पाहुणा संघ’ म्हणतो, त्याला इंग्रजीत ‘व्हिजिटर्स’ म्हणतात. तेथे ‘गेस्ट्स’ लिहिणे चूक ठरेल. महाविद्यालयात एखाददुसरे व्याख्यान देऊन जाणाऱ्याला ‘गेस्ट लेक्चरर’ आणि काही काळ मुक्काम करून शिकवणाऱ्याला ‘व्हिजिटिंग प्रोफेसर’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण आपल्या विद्यापीठांत ही सीमारेषा फारशी पाळली जात नाही.

‘व्हिजिटर’ हा शब्द कोरडा वाटला, तरी तो नेहमीच कमी मानाचा असतो असे नाही. 1961 च्या कायद्यानुसार भारताचे राष्ट्रपती हे प्रत्येक आयआयटीचे ‘व्हिजिटर’ असतात, आणि तेथे त्या शब्दाला संस्थेच्या कारभाराची तपासणी करवून घेण्याचा अधिकार जोडलेला आहे.